38 पोती : इंदूरच्या एका घरातील गव्हाच्या साठ्याचे प्रकरण

इंदूरच्या रामबागेतील एका जुन्या मराठी घरात 2025 च्या पावसाळ्यात साठवणीच्या गव्हाला आणि हरभऱ्याला कीड लागली. असे नुकसान शहरातील कितीतरी घरांत दरवर्षी होते आणि "यंदा हवा फार दमट होती" एवढ्या एका वाक्यावर ते मिटवले जाते. या कुटुंबाने मात्र काहीही फेकण्यापूर्वी किंवा हलवण्यापूर्वी मला बोलावले. त्यामुळे थप्पी होती तशी पाहता आली, पोत्यागणिक नमुने घेता आले, आणि कीड नेमकी कोठून आली, केव्हा आली व कोणत्या क्रमाने वाढली हे बऱ्याच अंशी जुळवता आले. धान्य साठवणुकीचे काम गेली अनेक वर्षे करीत असल्यामुळे आणि या घराशी जुना स्नेह असल्यामुळे हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवत आहे. कुटुंबाची त्याला संमती आहे. नावे मात्र मुद्दामच दिलेली नाहीत.

घर आणि साठा

घरात तीन भावांचे बिऱ्हाड एकत्र आहे, आजी धरून 11 माणसे. सांवेरच्या बाजूला त्यांची थोडी जमीन असून ती बटाईने दिलेली आहे. एप्रिलच्या मध्यावर वाट्याचा माल घरी येतो. त्या वर्षी लोक-1 जातीचा 22 क्विंटल गहू 50 किलोच्या 44 पोत्यांतून आला आणि त्याबरोबर तीन क्विंटल हरभरा. वर्षभराचे खाणे काढून उरलेला गहू दिवाळीनंतर, भाव चढल्यावर छावणीच्या मंडीत विकायचा, हा या घराचा वडिलोपार्जित शिरस्ता आहे. म्हणजे हा माल निव्वळ खाण्याचा नव्हता. त्यातला मोठा हिस्सा निदान सहा महिने निर्दोष राहणे गरजेचे होते.

माल ठेवण्याची खोली तळमजल्यावर उत्तरेच्या अंगाला आहे. पूर्वी तेथे टांगा उभा राहत असे. फरशी दगडी, भिंती जाड, आढे लाकडी आणि त्यावर फळ्यांचा माळा, ज्याच्या वर आजींची झोपण्याची खोली येते. पश्चिमेची भिंत पलीकडच्या मोरीला लागून आहे. उन्हाळ्यात ही खोली घरातली सर्वांत थंड जागा असते आणि नेमक्या त्याच कारणाने ती धान्यासाठी उत्तम मानली गेली होती. 38 पोती सरळ फरशीवर, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून, पाच थरांत रचलेली होती. हमालांना दोरीने बांधून दिलेली नवी पोती पुरली नाहीत म्हणून दहाबारा पोत्यांसाठी मागच्या वर्षीचे हरभऱ्याचे व गव्हाचे बारदान झटकून वापरले गेले.

उरलेली सहा पोती स्वयंपाकघराजवळच्या पत्र्याच्या कोठीत रिकामी केली. ही कोठी वरून झाकणाची आहे, तिला खाली तोटी नाही. गहू वरून उपसायचा आणि नवा आला की वरूनच ओतायचा, असे चालत आल्यामुळे तळाचे वीतभर धान्य कित्येक वर्षांत हललेच नव्हते. ते किती जुने आहे, हे घरात कोणालाच सांगता आले नाही. धाकट्या सूनबाईंचे लग्न होण्याआधीचे असावे, असा आजींचा अंदाज होता.

नागपंचमीच्या आधीचे दळण

नागपंचमीला दळण-चिरण वर्ज्य म्हणून दिंडांसाठीचे पीठ दोन दिवस आधी, म्हणजे 27 जुलैला, चक्कीवरून आणले गेले. गहू कोठीच्या तळातून खरवडून काढलेला होता. मोठ्या वहिनींनी डबा उघडला तेव्हा पिठाला उग्र, काहीसा औषधी वास येत होता, रंगात किंचित लालसर झाक होती आणि चाळणीत तांबूस रंगाचे चपळ किडे धावत होते. त्यांनी ते पीठ बाजूला ठेवले आणि कोठारातले पोते फोडायला सांगितले. थप्पीच्या मधले एक पोते ओढताना त्यांच्या धाकट्या दिरांनी हात आत घातला आणि लगेच बाहेर काढला. गहू कोमट लागत होता. पाऊस चालू असताना, दगडी खोलीत, सावलीत ठेवलेला गहू कोमट लागावा ही गोष्ट त्यांना विचित्र वाटली, आणि खरे म्हणजे त्या एका स्पर्शानेच हे प्रकरण माझ्यापर्यंत आले.

मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा खोलीचे तापमान 27 अंश होते. त्या पोत्याच्या मध्यात लांब दांड्याचा तापमापक खुपसला असता 38 अंश दिसले. आजूबाजूच्या आठ पोत्यांत ते 31 ते 36 च्या दरम्यान होते आणि कडेच्या पोत्यांत खोलीइतकेच. कान पोत्याला लावला तर बारीक कुरकुर ऐकू येत होती. ज्यांनी ती कधी ऐकली नाही त्यांना हे वर्णन अतिशयोक्त वाटेल, परंतु हजारो जबडे एकाच वेळी गहू पोखरू लागले की तो आवाज शांत खोलीत सहज ऐकू येतो. उष्णताही त्यांचीच असते. धान्य उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे किडीच्या श्वसनातून निघालेली ऊब थप्पीच्या पोटात साठत जाते. ती चाळिशीच्या थोडी पुढे गेली की कीड स्वतःच तेथून बाहेरच्या, थंड पोत्यांकडे सरकू लागते, आणि मग सगळी थप्पी बाधित होते. येथे ती अवस्था अगदी तोंडावर होती.

तीन किडे, तीन तारखा

पोत्यांची रचना कागदावर काढून प्रत्येक पोत्यातून मंडीतल्या परखीने, म्हणजे पोत्यात खुपसून नमुना काढायच्या पोकळ सळईने, वर, मध्ये व तळाशी असे तीन नमुने घेतले, ते चाळले आणि कोणत्या पोत्यात कोणता किडा किती हे मांडले. या मांडणीतून जे चित्र उभे राहिले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण कीड म्हणजे एकच काहीतरी असते आणि ती पावसाबरोबर येते, या समजाला ते पूर्ण छेद देते.

मधल्या कोमट पोत्यांत मुख्यतः दाणे पोखरणारा लहान भुंगेरा होता, ज्याला शास्त्रीय भाषेत ऱ्हायझोपर्था म्हणतात. तीन मिलिमीटरच्या आतबाहेर लांबीचा, काळपट तपकिरी, नळीसारख्या गोल अंगाचा हा किडा असतो. त्याचे डोके मानेखाली असे दुमडलेले असते की वरून पाहताना ते दिसतच नाही. हा किडा जेवढे खातो त्यापेक्षा वाया जास्त घालवतो: त्याचे प्रौढ आणि अळी दोन्ही दाणा कुरतडतात आणि पोत्याच्या तळाशी पांढरट पिठाचा थर साचतो. त्याची दुसरी विशेषता अशी की त्याला ओलावा लागत नाही. माळव्यात एप्रिलच्या उन्हात निघालेला गहू बहुधा नऊ-दहा टक्के ओलाव्याचा असतो. त्यात सोंडे जवळजवळ वाढू शकत नाहीत, पण हा वाढतो, आणि 34 अंशांच्या आसपासची उष्णता त्याला सर्वांत मानवते. याचा अर्थ स्पष्ट होता. मे महिन्यात, जेव्हा घरातले सगळे जण गहू खडखडीत वाळलेला म्हणून निश्चिंत होते, तेव्हाच या किड्याचे काम सुरू झाले होते.

तो आला कोठून? कोमट पोत्यांपैकी सात पोती जुन्या बारदानाची होती. रिकामे ठेवलेले एक जुने पोते उलटे करून उजेडात शिवणीचे टाके उसवले, तेव्हा आतल्या दुमडीत पीठ, पोखरलेल्या दाण्यांची टरफले आणि जिवंत भुंगेरे मिळाले. झटकून पोते साफ होत नाही, कारण झटकण्याने जे पडते ते मोकळे असते आणि किडा शिवणीत बसलेला असतो.

कोठीतला आणि दळणातला तांबडा भुंगेरा हा दुसरा. तो सहसा अख्ख्या दाण्यात शिरू शकत नाही. त्याला तुटका दाणा, कोंडा, पीठ लागते. पिठाला येणारा उग्र वास आणि लालसर झाक त्याच्या अंगातून स्रवणाऱ्या क्विनोन जातीच्या द्रव्यांमुळे असते. कोठीच्या तळाला वर्षानुवर्षे साचलेला भुगा ही त्याची वसाहत होती आणि एप्रिलमध्ये तिच्यावर तीन क्विंटल नवा गहू ओतला गेला होता. थप्पीतही तो होता, पण तेथे तो मागाहून आला, म्हणजे पहिल्या किड्याने पीठ पाडल्यावर.

सोंडे सर्वांत शेवटी आले, आणि तेही फक्त मोरीच्या भिंतीला टेकलेल्या पोत्यांत. घरातल्या प्रत्येकाने "सोंडे लागले" असेच म्हटले होते, कारण पुढे सोंडेसारखी चोच असलेला हा किडा सर्वांच्या ओळखीचा आहे. पण प्रत्यक्षात त्याचा वाटा सर्वांत कमी निघाला. मादी दाण्याला चोचीने भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट द्रवाने तोंड बंद करते. त्यानंतर चार-पाच आठवडे बाहेरून काहीच दिसत नाही. भिंतीजवळच्या गव्हाचा ओलावा मंडीतल्या यंत्रावर 15.6 टक्के आला, इतर पोत्यांचा 12.4 आणि कोमट पोत्यांच्या मध्याचा 11.8. दाणा हवेशी सतत देवघेव करीत असतो. हवेची आर्द्रता 70 टक्क्यांवर राहिली तर गहू हळूहळू 14 टक्क्यांच्या जवळ जातो आणि भिंत ओल देत असेल तर त्याहून पुढे. जूनच्या अखेरीस पाऊस लागल्यावर भिंतीने ओल धरली आणि मगच सोंड्यांना तेथे राहण्यासारखे झाले. तळाच्या कोपऱ्यातल्या दोन पोत्यांत त्याच्याही पुढची पायरी गाठली होती: दाणे एकमेकांना चिकटून ढेकळे झाली होती आणि त्यांवर हिरवट-करडी बुरशी होती.

पिढ्यांचा हिशेब करून पाहिला तरी हेच निघते. एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेर पंधरा आठवडे होतात, म्हणजे अनुकूल तापमानात सुमारे तीन पिढ्या. समजण्यापुरते धरू की एका किड्यामागे पुढच्या पिढीत वीसच किडे जगले, तरी एकाचे वीस, विसांचे चारशे आणि चारशेचे आठ हजार होतात. जुलैमध्ये पोते खदखदू लागण्यासाठी एप्रिलमध्ये शिवणीतले मूठभर किडे पुरेसे होते. पहिल्या दोन पिढ्या कोणाच्या नजरेत भरत नाहीत, तिसरी भरते, आणि नेमका त्याच वेळी पाऊस चालू असल्यामुळे दोष पावसाच्या माथी येतो.

नुकसान किती

कोमट पोत्यातल्या गव्हाचे 500 दाणे मोजून घेतले. त्यांतले 430 अख्खे होते आणि 70 भोके पडलेले. सराफ्यातल्या एका परिचितांच्या काट्यावर अख्खे दाणे 18.06 ग्रॅम आणि पोखरलेले 2.10 ग्रॅम भरले. म्हणजे अख्खा दाणा सरासरी 42 मिलिग्रॅमचा आणि पोखरलेला 30 चा. सगळे पाचशे दाणे अख्खे असते तर वजन 21 ग्रॅम भरले असते. प्रत्यक्षात ते 20.16 भरले, घट चार टक्के. शंभरात चौदा दाणे किडके दिसत असताना वजनात घट चारच टक्के, हे पाहून मधल्या भावांना हायसे वाटले. मला तसे वाटले नाही. दाणे मोजताना आतली अळी, तिची विष्ठा आणि पीठ हे सर्व त्या वजनात धरले जाते. शिवाय भोक न पडलेल्या दाण्यांतही अळ्या असतात, हे काटा सांगत नाही.

शेवटी संपूर्ण थप्पीचा हिशेब असा लागला. बुरशी लागलेली दोन पोती, 100 किलो, पूर्ण बाद झाली. जास्त पोखरलेल्या नऊ पोत्यांचे 450 किलो चाळून-पाखडून 423 किलो राहिले. हलका प्रादुर्भाव असलेल्या 27 पोत्यांचे 1,350 किलो साफ केल्यावर 1,314 किलो भरले. एकूण 1,900 किलोंपैकी 163 किलो गेले, म्हणजे साडेआठ टक्क्यांहून थोडे अधिक. त्या हंगामाच्या 2,425 रुपये क्विंटल या हमीभावाने ही रक्कम चार हजारांच्या आसपास होते. नऊ पोत्यांना मिळालेला पडता भाव त्यात धरलेला नाही. लुधियानाच्या सीफेट या संस्थेने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत गव्हाचे कापणीपासून साठवणुकीपर्यंतचे सर्व मिळून नुकसान 4.93 टक्के दाखवले आहे. त्या मानाने एका खोलीने साडेतीन महिन्यांत घेतलेला हा वाटा फारच मोठा आहे.

कपाटावरची पुडी

माझ्या पहिल्या भेटीत आणखी एक गोष्ट उघडकीस आली, जी किडीपेक्षा कितीतरी गंभीर होती. मधल्या भावांनी कीड दिसल्याच्या संध्याकाळीच एका दुकानातून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या आणि रात्री प्रत्येक थरात दोन-दोन ठेवून दार लावून घ्यायचा त्यांचा बेत होता. आजींनी "उद्या माणूस येऊन पाहील, मग काय ते करा" असे म्हटल्यामुळे तो एक दिवस लांबला. त्या खोलीच्या फळ्यांच्या माळ्यावर आजीच झोपतात.

हवेतल्या बाष्पाशी संयोग होताच या गोळीतून फॉस्फिन वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. तो फटींतून, फळ्यांतून, जुन्या चुन्याच्या भिंतींतूनही पलीकडे जातो आणि त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. या कारणास्तव आपल्याकडे हे औषध सर्वसामान्यांच्या वापरासाठी नाही. सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांनीच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते वापरावे असा नियम आहे. राहत्या घरात तर कोणताही जबाबदार कीडनियंत्रक ते वापरणार नाही. तरीही ते दुकानात मिळते आणि पुडीत बांधून दिले जाते. पाव किलो साखर बांधावी तसे ते बांधलेले होते.

भावांचा प्रश्न साधा होता: धोका पत्करला असता तर निदान कीड तरी मेली असती ना? उत्तर असे की तीही पुरती मेली नसती. धुरी देताना वायुरोधक आच्छादन थप्पीवर पूर्ण झाकून, कडा वाळूच्या लांब पिशव्यांनी दाबून, वायू पाच ते सात दिवस आत कोंडून ठेवावा लागतो, कारण अंडी आणि कोष प्रौढांपेक्षा कितीतरी कमी दाद देतात. फटीफटींच्या खोलीत दोन दिवसांत वायू निघून गेला असता, फिरणारे किडे मेलेले दिसले असते, समाधान झाले असते, आणि दाण्यातले महिन्याभराने बाहेर आले असते. दाणे पोखरणाऱ्या भुंगेऱ्यात आणि तांबड्या भुंगेऱ्यात फॉस्फिनला न जुमानणाऱ्या वाणांची नोंद भारतात झालेली आहे, आणि त्या वाणांची पैदास अशाच अर्धवट धुरीतून होते. पुडी त्याच दिवशी घट्ट बंद डब्यात घालून अंगणातल्या कोरड्या पडवीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी, ठेवली आणि दुसऱ्या दिवशी परवानाधारक माणसाच्या ताब्यात दिली. पाण्यात टाकून तिची वासलात लावायचे कोणीतरी सुचवले होते. तसे करणे म्हणजे सगळा वायू एकदम सोडणे.

याच ओघात कोठीच्या तळाशी कापडाची एक पुरचुंडी सापडली. तीत पारद टिकड्या होत्या, कधीच्या कोण जाणे. पारा खाण्याच्या धान्यात ठेवू नये, एवढे त्याबद्दल पुरे. घरातल्या काकांनी लहानपणी कोठीत फोडल्या जाणाऱ्या काचेच्या कुपीचीही आठवण काढली. ती ईडीबीची, म्हणजे इथिलीन डायब्रोमाइड या कीडनाशक द्रव्याची, कुपी होती. त्या द्रव्यावर 2001 मध्ये आपल्याकडे बंदी आली.

आजींचे म्हणणे कडुलिंबाचा पाला आणि बिब्बे यांच्या बाजूने होते, आणि त्यांच्या काळात कधी पोते गरम लागल्याचे त्यांना आठवत नव्हते. त्यांचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. परंतु त्या सांगत गेल्या तसे लक्षात आले की तेव्हा गहू चैत्रात गच्चीवर दोन-तीन उन्हे खात असे, कणग्या दरवर्षी पूर्ण रिकाम्या करून शेणाने सारवल्या जात आणि मगच त्यात पाला पडत असे. पाल्याच्या वासाने थोडा अटकाव होतो. खरे काम उन्हाने आणि सारवणाने होत होते. पुढे ऊन आणि सारवण सुटले, पाला तेवढा राहिला.

पावसात काय करता आले

अडचण अशी होती की ऑगस्टमध्ये इंदूरला सलग ऊन मिळत नाही. एप्रिलमध्ये जो उपाय गच्चीवर फुकट होतो तो तेव्हा उपलब्ध नव्हता. म्हणून माल तीन भागांत विभागला.

बुरशीची दोन पोती पुरून टाकली. गुरांना घालावी का, असे विचारले गेले. बुरशीचे विष धुऊन किंवा भाजून खात्रीने जात नाही आणि दुधातही उतरू शकते, म्हणून त्याला मी ठाम नकार दिला. नऊ पोती साफ करून, दोष सांगून, कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकली. दोष न सांगता ती मंडीत खपली असती असे घरात एकाने बोलून दाखवले, पण मोठ्या भावांनी तो विषय तेथेच थांबवला.

राहिलेली 27 पोती आधी छन्न्यावर, म्हणजे धान्याच्या मोठ्या चाळणीवर, साफ करून आणली. येथे थांबता आले नसते, कारण चाळल्याने मोकळे किडे आणि पीठ जाते, दाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि तीन-चार आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखे होते. म्हणून साफ केलेला गहू तीन थरांच्या हवाबंद पिशव्यांत भरला. या पिशव्यांत आत जाड प्लास्टिकची दोन अस्तरे आणि बाहेर विणलेले पोते असते. चवळीसाठी कॅमेरूनमध्ये 1980 च्या दशकात सुरू झालेल्या कामातून ही पद्धत निघाली. तत्त्व अगदी साधे आहे. आत अडकलेली कीड श्वासाने पिशवीतला प्राणवायू संपवते. तो पाच टक्क्यांखाली गेला की तिचे खाणे थांबते आणि पुढे ती मरते. औषध शून्य. मात्र दोन अटी काटेकोर आहेत: गहू 13 टक्क्यांपेक्षा ओला नसावा, नाहीतर किडीऐवजी आंबूस वास पदरात पडतो, आणि प्रत्येक अस्तर हवा दाबून काढून, पिळून, दुमडून स्वतंत्र बांधले पाहिजे. भिंतीकडच्या बाजूच्या चार पोत्यांचा ओलावा साफ केल्यावरही 13.4 होता. तो गहू आठवडाभर दिवाणखान्यात पंख्याखाली चादरींवर पसरून 12.7 वर आणला, आणि त्या आठवड्यात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला गव्हाला वळसा घालून सोफ्यापर्यंत जावे लागले.

हरभऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. तीन क्विंटलपैकी निम्म्याची डाळ मे महिन्यातच करून आणली होती आणि निम्मा अख्खा पिंपात होता. अख्ख्या हरभऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी आणि गोल भोके होती. डाळ मात्र जवळपास स्वच्छ होती. कडधान्याचा भुंगेरा अख्ख्या दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवतो आणि भरडलेल्या डाळीत त्याची वाढ नीट होत नाही. हा किडा शेतातच पिकत आलेल्या घाट्यांवर अंडी घालू शकतो, त्यामुळे घरी आलेला हरभरा दिसायला निर्मळ असला तरी तसा असेलच असे नाही. यापुढे सगळ्या हरभऱ्याची डाळ उन्हाळ्यातच करायची आणि उसळीपुरता अख्खा हरभरा एरंडेलाचा हात फिरवून बरणीत ठेवायचा, असे वहिनींनी ठरवले. तेलाच्या पातळ थराने अंडी सालीला धरत नाहीत आणि धरलेली गुदमरतात, म्हणून ही जुनी रीत थोड्या मालासाठी खरोखर उपयोगी आहे.

खोलीची डागडुजी

कोठी तळापर्यंत रिकामी करून, सांध्यांतला भुगा तारेच्या कुंच्याने काढून, गरम पाण्याने धुऊन वाळवली. तिला खाली तोटी बसवून घेतली, ज्यायोगे जुने धान्य आधी बाहेर येईल. माझ्या मते या सर्व प्रकरणात सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत लाभाची दुरुस्ती हीच. मोरीच्या नळाची गळती काढली. भिंतीची ओल वाळायला दिवाळी उजाडली. फरशीवर विटांच्या ठोकळ्यांवर फळ्या टाकल्या आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडून पट्टा आखला, ज्याच्या पलीकडे पोते जाणार नाही. जुने बारदान उकळत्या पाण्यात बुडवून वाळवले आणि ते धान्याऐवजी गोवऱ्या-कोळशासाठी वेगळे ठेवले.

येत्या एप्रिलसाठी क्रम असा ठरला आहे: गहू आला की गच्चीवर चार बोटे थराने दोन उन्हे द्यायची, मग संध्याकाळी सावलीत रात्रभर निववायचा, आणि सकाळीच भरायचा. तापलेला गहू तसाच भरला तर रात्री पिशवीच्या आत घाम धरतो. ही निववण्याची पायरीच लोक हटकून गाळतात. दर पंधरा दिवसांनी वेगवेगळ्या पोत्यांतून किलोभर गहू काढून चाळायचा. छिद्रे असलेली नळी धान्यात खुपसून ठेवायचा कोइम्बतूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेला सापळाही थप्पीत लावायचा आहे, कारण चालता किडा छिद्रातून आत पडतो आणि चाळणीत सापडण्याच्या आधीच कीड कळते.

भाऊबीजेनंतर

हवाबंद पिशव्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, भाऊबीज झाल्यावर उघडल्या. 26 पिशव्यांत वरच्या थरावर मेलेले भुंगेरे होते, तळाशी नवे पीठ जवळजवळ नव्हते, आणि चार दिवस डब्यात उघड्या ठेवलेल्या नमुन्यांतूनही जिवंत काही बाहेर आले नाही. खाण्यापुरत्या पिशव्या ठेवून बाकीचा गहू पुन्हा चाळून मंडीत गेला.

सत्ताविसाव्या पिशवीत कोमटपणा होता. कोपऱ्यात खालच्या बाजूला उंदराने बाहेरचे पोते आणि दोन्ही अस्तरे कुरतडून करंगळी जाईल एवढे भोक पाडले होते. तेवढ्या वाटेने हवा आत येत राहिली आणि ऑगस्टमध्ये त्याच चाळणीतून, त्याच दिवशी, त्याच माणसांनी भरलेल्या त्या गव्हात भुंगेरे पहिल्यासारखे खदखदत होते. धाकट्या दिरांनी या वेळी हात आत घालण्यापूर्वी पोत्याला कान लावला.